चार ओहम

एकतीस वर्षं फळ्यावर ओहमचा नियम लिहिला,
कोथरूड डेपोजवळच्या शाळेत, सकाळच्या अधिवेशनात.
पण ओहम घरी येऊन उभा राहू शकतो
हे शिरीषभावोजी हॅमिल्टनला गेले तेव्हा कळलं.
दोन टॉवर ठेवून गेले. माझ्या छातीइतके उंच, अक्रोडी रंगाचे.
"वहिनी, पुढच्या वर्षी नेतो."
चार वर्षं झाली.
एकावर मनीप्लँट आहे, त्याच्या बुडाचं पांढरं वर्तुळ
आता पुसलं तरी जात नाही.

घरातला रिसीव्हर यांनी आणलेला, दिवाळीच्या ऑफरमधला.
हलक्या आवाजात छान गातो.
पण पखवाजाची थाप पडली की
टक्.
लाल अक्षरांत प्रोटेक्ट, आणि मग नुसता पंखा.
मग मी शिकले,
थाप यायच्या दोन मात्रा आधी
बटण खाली करायचं.

मार्चमध्ये भिशी लागली. तापकीर गल्ली गाठली.
वर वायरींच्या माळा, खाली चायनीज दिव्यांची रिळं,
आणि मधल्या फटीत मुनाफ बागवानचं दुकान.
खोक्यावर ठळक: शंभर वॅट.
मी चष्मा बदलला.
खाली मुंगीच्या अक्षरांत:
सहा ओहम, एकच चॅनेल चालू, दहा टक्के विकृती.
"म्हणजे सगळी भावंडं एकदम जेवायला बसली
तर एकेकाच्या पानात किती?"
"चाळीस धरा," मुनाफ हसला. "मॅडम, खालचं कुणी वाचत नाही."
मी वाचते.
अर्ध्या मार्कासाठी पालक भांडायला यायचे माझ्याकडे.

त्याने चार दाखवले. एक मोबाइलवरून चालतो,
एक अकरा ठिकाणांहून बोलतो,
एकाचा दिवा बायकोच्या साडीला मॅचिंग करता येतो म्हणे.
(कुणाच्या बायकोच्या, ते विचारलं नाही.)
प्रत्येकाला माझा एकच प्रश्न:
चार ओहमला काय करतोस?
तिघे गप्प.

"तुमचे टॉवर खादाड आहेत," मुनाफ म्हणाला,
"शहाऐंशी डेसिबलचे. आणि वॅट दुप्पट केले
तरी आवाज वाढतो तीनच डेसिबल."
हे मी शिकवलं नव्हतं, तरी ओळखीचं वाटलं.
दुप्पट राबायचं,
आणि समोरच्याला जेमतेम जाणवायचं.

मग आतून एक जुनं मॉडेल काढलं, कोपऱ्याला पोचा.
"उचलून बघा."
उचललं. कमरेतून कळ गेली.
"पंधरा किलो. ट्रान्सफॉर्मरला थापा मारता येत नाहीत."
मी पैसे मोजले.

म्हात्रे पुलावर रिक्षावाल्याने आरशातून विचारलं,
"काय, मिक्सर का?"
हो म्हटलं. मांडीला मुंग्या आल्या होत्या,
कोण समजावत बसणार.

घरी जमिनीवर बसून तांब्याच्या तारा पिळल्या,
लाल लालला, काळी काळीला.
हे खुर्चीतूनच म्हणाले, "उलटं लागेल बघ."
उलटं लागलं नाही.

तीच मैफल लावली. तानपुरा. आलाप, लांबलेला.
आणि थापेच्या दोन मात्रा आधी
माझा हात आपोआप बटणाकडे गेला.

आवाज चढायच्या आधीच खाली करायची सवय
मला काही टॉवरनी लावलेली नाही.

हात तिथेच राहिला, अधांतरी.
थाप पडली.
पोटात, फरशीत, ओट्यावरच्या डब्याच्या झाकणात.
हिरवा दिवा हिरवाच.

"जरा हळू," हे म्हणाले.

मनीप्लँटची पानं थरथरत होती.
मी कुंडी उचलली, गॅलरीत नेऊन ठेवली,
पाणी घातलं.
परत आले तरी
पखवाज चालूच होता.